गजाने रंगवलेली भिंत

गजा पेंटर गेल्याचा फोन त्याच्या लेकीने, सुनीताने केला, तेव्हा मी टिटवाळ्याला पुतण्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पंगतीत बसलो होतो. "काका, बाबा गेले. सकाळी चहा मागितला आणि..." मला हातातला घास खाली ठेवता येईना आणि तोंडातही घालता येईना. त्याला आता महिना झाला. खरं सांगायचं तर हल्ली गजाची आठवण निघाली की रडण्यापेक्षा हसूच जास्त येतं.

मी शाळेत चित्रकला शिकवली, त्याने आयुष्यभर ठाण्याच्या भिंती रंगवल्या. आणीबाणीत मिसरूड फुटलेल्या गजाने शिस्तीच्या घोषणा लिहिल्या. सरकार पडल्यावर त्याच भिंतींना चुना मारून स्वातंत्र्याच्या घोषणाही त्यानेच लिहिल्या. पुढे युत्या तुटल्या, आघाड्या जुळल्या, पक्ष फुटले. दर उलथापालथीला पहिलं बोलावणं गजालाच. मी चिडवायचो, "अरे, तुझं स्वतःचं असं काही आहे की नाही?" एकदा हे त्याला लागलं असावं. पुढच्याच आठवड्यात त्याने आमच्या वर्तकनगरातल्या वाचनालयाच्या व्हरांड्यात, रस्त्याकडच्या लांबलचक भिंतीवर, कुणीही न सांगता काम सुरू केलं. मिठागर काढलं. पांढऱ्या राशी, खाडीचं पाणी आणि डोक्यावर मिठाची पाटी घेतलेली त्याची आई. ऑइल पेंट, वर वार्निशचे दोन हात. आईचा एकही फोटो घरात नव्हता. तिचा चेहरा होता तो त्या भिंतीवरच.

मग पुन्हा एक पक्ष फुटला. आमच्या भागातले साहेब नव्या गटात गेले आणि निवडणुकीआधी त्यांना नेमक्या त्याच भिंतीवर स्वतःचा हसरा चेहरा आणि नवं चिन्ह हवं झालं. वाचनालयाची समिती गप्प. साहेबांचा माणूस म्हणाला, "आमचा पेंटर येईल, जुनं सगळं खरवडून काढेल." तेवढ्यात गजा पुढे झाला. "दुसरा कशाला? मीच काढतो ना."

दुसऱ्या दिवशी मिठागर झाकलेलं पाहिलं आणि माझा तोल गेला. भर रस्त्यात ओरडलो, "सख्ख्या आईवर रंग फासलास? लाज नाही वाटली?" तो खाली मान घालून ब्रश धूत राहिला. "मास्तर, घरी जा. बीपी वाढेल तुझं." त्यानंतर दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाही. ते दोन महिने आज मला फार महाग वाटतात...

निवडणूक झाली आणि साहेब परतून मूळ पक्षात! आता ते चिन्ह त्यांनाच नकोसं झालं. संध्याकाळपर्यंत भिंत साफ करा, असा निरोप आला. गजाचा मला फोन, "मास्तर, बादली आणि जुनं धोतर घेऊन ये." गेलो, पण फुरंगटूनच. त्याने ओलं धोतर फिरवलं आणि साहेबांचं हसू ओघळून फरशीवर आलं. गालाखालून मिठाची पाटी निघाली, मग आईचं कपाळ, मग डोळे, वार्निशसकट चकचकीत!

"रंगात डिंक घातलाच नव्हता," गजा म्हणाला. "नुसती भुकटी आणि पाणी. बोट लावलं असतं तरी निघाला असता. पण साहेबांच्या तोंडाला बोट लावायची कुणाची टाप होती?"

मी त्याला मिठीच मारली. दोघंही रंगाने बरबटलो, रस्त्यावरची माणसं बघत होती, आणि एवढं जिंकल्यासारखं मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेलं नाही.

परवा सुनीताने त्याच्या सामानातला एक डबा मला आणून दिला. त्या कामासाठी साहेबांच्या माणसाने गजाला दिलेला डिंक. झाकणाचं सीलही तोडलेलं नाही. माझ्या टेबलावर, ब्रशांशेजारी ठेवलाय. काल त्याच माणसाचा फोन आला. पुन्हा निवडणूक आहे, साहेबांना पुन्हा तीच भिंत हवी आहे. गजा पेंटर तर गेले, दुसरा कुणी चांगला पेंटर आहे का?

मी डब्याकडे पाहिलं.

"दुसरा कशाला?" म्हटलं. "मीच काढतो ना."