घाटासाठी हलके रोलर

माझ्या गाडीला चार चाकं आहेत, तरी ती स्कूटरच आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक जोडलेलं. डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेला, त्यामुळे गाडी थांबली की टेकवायला मला पायाऐवजी ही चाकं लागतात. आमच्या सावेडीत लोक मला लांबून ओळखतात ते तोंडावरून नाही, गाडीवरून. गाडी दारात असली की ताई घरात, नसली की ताई बाहेर. आणि गाडी बिघडली की ताई घरातच, हे काही वेगळं सांगायला नको.

घर भावाचं. आहे धाकटा, पण आई गेल्यापासून थोरल्याच्या वर वागतो. ताईला काही कमी पडू देणार नाही, असा शब्द त्यानं आईला दिला होता आणि तो त्यानं पाळला, अगदी जीव नकोसा होईपर्यंत पाळला. तळमजल्यावरची खोली मला, शिलाई मशीन खिडकीशी, ताट जागेवर. दवाखान्यात जायचं म्हटलं की हा कार काढून उभा. बाजारात जायचं म्हटलं की, काय हवंय ते सांग, मी आणतो. कुणापाशी मन मोकळं करावं तर म्हणणार, नशीबवान आहेस गं बाई. आता नशीबवान बाईनं तक्रार कोणत्या तोंडानं करायची? मी खिडकीशी बसून दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवायचे आणि आतल्या आत धुमसायचे.

गेल्या वर्षी कळलं की नेवाशाच्या रस्त्याला, घाट उतरून खाली, मुलींच्या एका वसतिगृहात शिवण शिकवायला बाई हवी आहे. मी घरात कुणाला न विचारता गाडी काढली आणि जाऊन आले. म्हणजे गेले; येणं झालं नाही. वसतिगृहाच्या बाईंना माझं काम पसंत पडलं, दसऱ्यानंतर या म्हणाल्या, मी हवेत तरंगत निघाले आणि घाटात गाडीनं मान टाकली. जाताना उतार असतो, तेव्हा कुणीही जातं. परत येताना चढ, त्यात त्या दोन जादा चाकांचं वजन. गाडी कण्हत कण्हत चालेनाशी झाली. मागे ट्रकची रांग, हॉर्नवर हॉर्न. शेवटी भावाला फोन केला. तो टेम्पो घेऊन आला, गाडी मागे दोरीनं बांधली, मला पुढे बसवलं. सबंध रस्ता आरशात मागची दोरी बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मात्र बोलला. "ताई, तो घाट एकटीनं चढून दाखव. चढलीस तर खुशाल जा. नाही चढलीस, तर पुन्हा या नोकरीचं नाव काढायचं नाही."

मी हो म्हणाले. हो म्हणताना माझ्याजवळ काही उपाय होता असं नाही, पण नाही म्हणायची मला सवय लागली असती तर पुढचं सगळं आयुष्य त्या खिडकीशी गेलं असतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक गॅरेजवाला आहे. पोरांच्या स्कूटर पळत्या करून देण्यात त्याचं नाव आहे. मला मात्र तो घरी येऊन भेटतो, कारण गाडी त्याच्याकडे ठेवली तर मी परत येणार कशी? त्याला मी घाटाचं सांगितलं. तो आधी हसला, ताई तुम्हाला काय रेस लावायचीय का म्हणाला, आणि मग मांडी घालून बसून समजावून सांगू लागला. बिनगिअरच्या गाडीत दोन चाकत्या असतात आणि त्यांच्यावरून एक पट्टा फिरतो. पुढच्या चाकतीत छोटे रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की ते रोलर बाहेर सरकतात आणि पट्ट्याला वर ढकलतात, म्हणजे सायकलचा गिअर बदलल्यासारखं होतं. रोलर जड असले की गिअर लवकर बदलतो. सपाटीला छान, चढाला गाडीचा दम जातो. हलके बसवले तर गाडी खालच्या गिअरला जास्त वेळ राहते, आवाज करते, पळत नाही, पण ओढते. मागच्या चाकतीची स्प्रिंगही थोडी कडक लागेल म्हणाला.

"पळणार न्हाई हां मग," त्यानं दोनदा बजावलं. मी म्हटलं, मला पळायचं कुठंय बाबा, मला फक्त परत यायचंय.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं आमच्या पोर्चमध्ये गाडी उघडली. चाकत्या, पट्टा, झाकण, सगळं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं. हलके रोलर आणायला गेला तो दिवस मावळताना आला आणि म्हणाला, उद्या खंडेनवमी, आम्ही हत्यार हलवत न्हाई, दसऱ्याला सकाळी येऊन जोडतो. मी कपाळावर हात मारला. पण त्याला काय बोलणार? खंडेनवमीला माझी कात्रीही पाटावरच असते.

तो एक दिवस मला आयुष्यभर पुरला. गाडी दारात पोट उघडून पडलेली, मशीनवर हळदकुंकू वाहिलेलं, म्हणजे शिवायचंही नाही. खोलीतून पोर्चमध्ये, पोर्चमधून खोलीत. भाऊ जाता-येता विचारायचा, काही हवंय का ताई? हवं होतं ते त्याला सांगून उपयोग नव्हता. मग मी पोर्चमध्ये खुर्ची टाकली आणि ते उघडे भाग बघत बसले. कोणतं काय कशात बसतं, पट्टा कुठं घासतो, सगळं पाठ होईपर्यंत बघितलं. आमच्या मशीनचा चामडी पट्टा तरी काय वेगळा असतो?

संध्याकाळी भावजय पूजेला आली. तिनं विळीची पूजा केली, मिक्सरची केली, भावाच्या कारला हार घातला आणि मग माझ्या गाडीच्या त्या पसाऱ्यापुढे बसली. कुंकू कोरडं टिकत नाही म्हणून तिनं वाटीत तेलात कालवून आणलं होतं. पट्ट्याला बोट लावलं, चाकत्यांना आतून बाहेरून लावलं, झेंडू वाहिला. हात जोडून म्हणाली, "ताईंना सुखरूप ने-आण कर गं बाई." या घरात माझ्या बाजूनं कुणी देवाला काही सांगतंय, हे मला नवीन होतं.

दसऱ्याला सकाळी गॅरेजवाला आला. कुंकवाची बोटं बघून त्यानं आधी हात जोडले. पुसलं नाही, पूजेचं कुंकू कुणी फडक्यानं पुसतं का? मलाही तसं वाटलं नाही. त्यानं रोलर बदलले, स्प्रिंग बसवली, झाकण आवळलं. आवळायचा पाना आणि अडीनडीला पेट्रोलची बाटली डिकीत ठेवली आणि सण असल्यामुळे घाईनं निघून गेला. भाऊ म्हणाला, फोन चालू ठेव. मी निघाले.

घाट उतरले, खाली गाडी वळवली आणि चढाला लागले. इंजिन बोंब मारायला लागलं, गाडी मात्र जागची हलेना. म्हणजे हलत होती, पण गोगलगायीसारखी, आणि जळका वास यायला लागला. मी कडेला घेतलं. दुपारचं ऊन, दसऱ्याची नवी साडी, झेंडूच्या माळा घातलेले ट्रक शेजारून जाताहेत, आणि मी पुन्हा त्याच घाटात. उतरून चालत जावं तर पाय नाही. गाडीवर बसून राहावं तर किती वेळ? फोन हातात घेतला, भावाचं नाव काढलं. तो येणार, टेम्पो येणार, दोरी येणार. मग खिडकी आणि ब्लाऊज. रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

राग आला की माझं डोकं चालतं. मी स्वतःला म्हटलं, मागच्या वेळी गाडी कण्हत होती, या वेळी ओरडतेय. कण्हणं म्हणजे दम नाही. ओरडणं म्हणजे दम भरपूर आहे पण चाकापर्यंत पोचत नाही. मशीनचं चाक फिरतंय आणि सुई हलत नाही, तेव्हा काय झालेलं असतं? पट्टा घसरतोय. कशानं घसरतो? तेलानं. आणि तेल कुठून आलं हे मला लख्ख दिसलं. अगं माझ्या भाबडे बाई!

साडी खोचली आणि भुईवर बसले. पाना लावून झाकण काढलं. पट्ट्याच्या कडा लालसर, चाकत्यांची तोंडं लालसर. रुमाल पेट्रोलमध्ये भिजवून, चाकती हातानं फिरवत फिरवत सगळं पुसलं. रुमाल पुरला नाही तेव्हा पदराचं टोक घेतलं; नवी होती साडी, असू दे. पुसताना मनात म्हणत होते, देवा, ही पूजा पुसत नाहीये, पोचती करतेय. मग पर्समधला शिवणाचा खडू काढला आणि मशीनच्या पट्ट्याला चोळतो तसा पट्ट्याच्या कडांना चोळला. पेट्रोल पार उडून जाईपर्यंत थांबले. झाकण लावलं, दांडीला धरून उठले, बसले, मूठ पिळली.

गाडीनं ओढ घेतली. हळू, पण न थांबता, सारखा एकच आवाज करत. वळण आलं, गेलं. मी मोठमोठ्यानं बोलत होते, काय ते आठवत नाही. माथ्यावर पोचून भावाला फोन लावला. चढले, म्हणाले.

मग तो म्हणाला, "ताई, मी त्यांना परवाच नाही सांगून टाकलंय."

घरचा नंबर म्हणून मीच वसतिगृहाच्या बाईंना त्याचा नंबर दिला होता. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे घाट चढणं हा नुसता माझ्यासाठी मांडलेला खेळ होता. मी चढो, न चढो, दार आधीच लावून घेतलेलं.

मी फोन बंद केला. गाडी वळवली आणि घाट पुन्हा उतरले. वसतिगृहाच्या बाई सणाच्या गडबडीत होत्या. तुमच्या भावाचा फोन आला होता, घाट तुम्हाला जमत नाही म्हणाले, असं त्या म्हणाल्या. मी काळे झालेले हात दाखवले आणि सांगितलं की आत्ता चढले, परत उतरले, आता पुन्हा चढून घरी जाणार आहे. त्या बाहेर आल्या, गाडी बघितली, माझ्या पदराकडे बघितलं. म्हणाल्या, सोमवारी या.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. दर दसऱ्याला भाऊ मला हॉलमधल्या खुर्चीत बसवतो, आपट्याची पानं हातात देतो आणि पाया पडतो. दोन्ही पायांना हात लावतो, डाव्यालासुद्धा. त्या दिवशी मी फाटकातच थांबले, गाडीवरून उतरले नाही. तो पानं घेऊन फाटकापर्यंत आला. माझ्या पायांना हात लावायला तो तिथंच फाटकात खाली वाकला.

तो तसाच वाकून राहिला. म्हणाला, "मला घाटाची भीती नव्हती गं. तू तिकडेच राहशील अशी वाटत होती."

माझा राग त्या क्षणी गेला असं म्हणणार नाही; थोडा अजूनही आहे. पण माझे डोळे भरून आले. मी पानं त्याच्या हातून घेतली.

"सोमवारी सकाळी जाणार आहे," मी म्हणाले. "संध्याकाळी परत येईन. आता बाजूला हो, मला गाडी आत घ्यायचीय."

तो बाजूला झाला.