फडक्यात बांधलेले वाल

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल बांधणं. दिवेलागणीची वेळ होती. भिजलेले वाल तिने उपसले, माझ्या जुन्या धोतराच्या फडक्यात ओतले आणि फडक्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. पिळायला दोघं लागतात.

"ओढा की नीट. जोर काय कारखान्यातच ठेवून आलात?"

"ओढतोय. फाटलं तर धोतर माझंच आहे."

गाठ मारून तिने पुरचुंडी पातेल्यात ठेवली, वर वरवंटा ठेवला. म्हणाली, "परवा सकाळी सोलू. पोरगी यायच्या आत व्हायला पाहिजेत. तुटलेले तुमच्या पानात."

तुटलेले नेहमी माझ्याच पानात असायचे. कडव्या वालांना मोड आले की ते कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक चिमटीत धरून साल काढायची. तिच्या चिमटीतून डाळिंबी, म्हणजे सोललेला वाल, अख्खी सुटायची. माझ्या हातात दोन तुकडे. मी अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात जन्म काढला, बोटं तिथेच जाड झाली. ती म्हणायची, "काडी धरता येते, वाल धरता येत नाही."

मी दुसरी शिकलेला माणूस. लिहिताना चुकलं तर वाचणाऱ्याने सुधारून घ्यावं. तिच्या दहाव्याला एक पुढारी भाषण करायला उभा राहिला आणि समाजसेविका, समाजसेविका करत बसला. मी शेजारच्याला विचारलं, "हा कुणाबद्दल बोलतोय?" तो म्हणाला, "तुमच्या बायकोबद्दल." घरात आम्ही तिच्या कामाला असलं काही नाव दिलं नव्हतं. ती बायकांना माहेरपण द्यायची. एवढंच.

हे सुरू झालं ते छावणीपासून. फाळणी झाली आणि कल्याणच्या पलीकडच्या लष्करी बराकी सिंधी लोकांनी भरल्या. उल्हासनगर नाव नंतर पडलं, तेव्हा आम्ही नुसतं कँप म्हणायचो. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी संसार. ही जवळच्या जांभूळ गावची. तिच्या भावाच्या मळ्यातली भाजी घेऊन ती कँपात विकायला जायची. एक दिवस मी पाळी संपवून घरी आलो तर माझ्या अंथरुणावर एक अनोळखी बाई झोपलेली, कुशीत तान्हं पोर.

मी विचारलं, "ही कोण?"

"माहेरवाशीण."

"कुणाची?"

"आपली. हळू बोला, आत्ता डोळा लागलाय तिचा."

मग कळलं. बाई ओली बाळंतीण, आणि पडद्याआड बसून कणीक तिंबत होती. हिने विचारलं, तुझी आई कुठे आहे? तिने हात लांब कुठेतरी दाखवला. आईबाप तिकडून निघाले, कुठल्या गावी उतरले, पत्ता नाही. भाजीची पाटी तिथेच ठेवून ही तिला घेऊन आली. चार दिवस ठेवली, डोक्याला तेल घातलं, निघताना खणानारळाने ओटी भरली. बाई रडली. ही पण रडली. मी त्या चार दिवसांत पाणी भरून भरून मेलो, पण मला कोण विचारतो.

मग ते चालूच राहिलं. कँपातल्या आल्या, बदलापूरकडच्या वाड्यांवरच्या आल्या. डोंगरातली एक होती, तिला कौलाखाली झोपच येईना. ती चारही दिवस अंगणात झोपली आणि रोज आमच्या आधी उठून झाडू शोधायची. ही झाडू लपवून ठेवायची. आमच्याकडे नियम एकच. माहेरवाशिणीने कामाला हात लावायचा नाही.

कारखान्यात पोरं मला चिडवायची, "काय मामा, आज कितवी लेक आली?" मी म्हणायचो, "तुझी बायको पाठव, तिलाही झोप मिळेल जरा."

आमची खरी लेक एकच, वांगणीला दिलेली. ती एकदा सणाला आली तर घरात आधीच दोघी झोपलेल्या. म्हणाली, "आई, मी लेक आहे की मोलकरीण?"

"तू लेक आहेस, म्हणून तर सांगते. घागर घे आणि पाणी आण."

आणि हिचं स्वतःचं माहेर? भावाकडे सकाळी जायची, संध्याकाळी परत. "राहिले तर वहिनीला काम पडतं," म्हणायची. येताना पदरात वाल बांधून आणायची. भात निघाला की भाऊ त्याच शेतात वाल टाकायचा.

आता जिच्यासाठी वाल बांधले त्या पोरीचं. कँपातलीच, एका म्हातारीची सून. तिचं मूल जन्मून लगेच गेलं होतं. तिलाही माहेर उरलेलं नव्हतं. दिवसभर खाली मान घालून पापड लाटायची, कुणाशी बोलायची नाही. हिने ते पाहिलं आणि म्हातारीच्या मागे लागली, चार दिवस पाठव म्हणून.

म्हातारी म्हणाली, "अदी, बहू गई तो पापड कौन बेलेगा? तू?" अदी म्हणजे त्यांच्यात ताई.

ही म्हणाली, "हो, मी."

आणि खरंच बराकीत जाऊन बसली लाटायला. हिचा जन्म भाकऱ्या थापण्यात गेलेला. म्हातारीने पापड उजेडात धरला, पलीकडचं काही दिसेना. "ये पापड है? ये तो रोट है! कौन लेगा इसको?" सगळी बराक हसली. त्या हसण्यात पोरगीही हसली, म्हणे मूल गेल्यापासून पहिल्यांदा. म्हातारीने ते पाहिलं असावं. म्हणाली, "ले जा. चार दिन. पाँचवें दिन मैं खुद आऊँगी लेने."

घरी येऊन हिने मला हे किती वेळा सांगितलं. "आली पाहिजे हो. एकदा नीट झोपली तर वाचेल ती."

वाल बांधले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही पोरीसाठी काढलेली गोधडी अंगणात उन्हात झटकत होती. झटकता झटकता गोधडीवरच बसली आणि कलली. मी पाणी घेऊन पोचलो तोवर संपलं होतं. दुपारी जांभूळहून भाऊ माहेरची साडी घेऊन आला. हिरवी. शेजारणींनी नेसवली. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. लेक वांगणीहून आली. ती रडत होती, मी नव्हतो. मला काही सुचतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी दारात उभी राहिली. बातमी कँपात रात्रीच गेली होती. मागे पोरगी. हातात गाठोडं नव्हतं.

म्हातारी ओट्यावर टेकली, डोळे पुसले आणि कमरेच्या कापडातून एक जाड पापड काढला. "उसका बेला हुआ. बिकता नहीं. मैंने रख दिया था." मग उठायला लागली. "चल बेटी. अब किसके पास रहेगी?"

मी म्हटलं, "गाठोडं कुठाय हिचं?"

"भाईसाब, घर में सूतक है."

"सुतक आम्हाला. तिला काय? चार दिवस ठरलेत तुमचे आणि माझ्या बायकोचे. माझी लेक आहे इथे, तिच्याजवळ झोपेल. पाचव्या दिवशी या न्यायला."

शेजारीण दारात आली होती, ती म्हणाली, "अहो, चूल पेटायची नाही घरात, पोरीला खायला काय घालणार?"

"तुझी पेटते ना? वाल मी सोलून देतो, तू शिजव."

म्हातारीने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "गठरी भेजती हूँ," एवढं म्हणाली आणि निघाली.

लेकीने ती गोधडी आत अंथरली. मी शेजारणीकडून कोमट पाणी आणलं. वरवंटा बाजूला केला, गाठ सोडली. मोड चांगले आले होते. वाल परातीत ओतून त्यावर पाणी घातलं. पोरगी गोधडीवरून उठून माझ्यासमोर येऊन बसली आणि परातीत हात घातला. मी परात माझ्याकडे ओढली.

"माहेरवाशिणीने हात लावायचा नाही. जा, पड जरा."

ती गेली. थोड्या वेळाने लेक आतून बोटाने खूण करून म्हणाली, झोपली.

मी सोलत बसलो. बरेच तुटले. तुटलेले वेगळ्या वाटीत काढत गेलो, माझ्या पानात वाढायला.