शेक संपल्यानंतर

पहिल्यांदा झालं ते जोगेश्वरीच्या सिग्नलला, भरदुपारी, रिक्षात. कोर्टातून लवकर सुटून मी घरी चालले होते. सिग्नल लाल होता. पोटात एकदम अशी कळ आली की मी पुढचा दांडा घट्ट धरला. "भैया, साइड में लो," म्हणायला तोंड उघडलं तोवर उशीर झाला होता. सेहेचाळीस वर्षांची बाई मी. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, आणि मी ओढणीची घडी मांडीखाली सरकवून तशीच बसून राहिले. घरासमोर उतरल्यावर आधी सीट बघितली. स्वच्छ होती. त्याचंच इतकं बरं वाटलं की बाकी काही वाटायचं राहूनच गेलं.

सकाळी एका वकिलांच्या वाढदिवसाचे समोसे खाल्ले होते. समोशावर खापर फोडून मी कपडे धुऊन टाकले.

तोवर माझे शेक संपून दोन वर्षं होत आली होती. मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. रेडिएशन हा शब्द कागदावर असायचा, हॉस्पिटलच्या रांगेत सगळ्या बाया शेकच म्हणायच्या. "तुमचे किती झाले?" "अठरा. तुमचे?" मला बाहेरून पंचवीस दिले आणि नंतर काही आतून. त्या दिवसांत जुलाब व्हायचे, पण ते होणारच म्हणून सांगितलेलं होतं, आणि पुढे महिनाभरात थांबलेही. शेवटच्या दिवशी नवऱ्याने गेटवर पेढे वाटले. वॉचमनलासुद्धा दिला. "सुटलो," म्हणाला. त्यानंतर आमच्या घरात कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारला नाही. ठरवलं असं नव्हतं, पण उच्चारला नाही.

मी कोर्टात स्टेनो आहे. साक्षीदार बोलतो, जज मॅडम ते नीट वाक्यात बसवून सांगतात आणि मी टाइप करते. उलटतपासणी रंगात आली की दोन-दोन तास जागेवरून हलता येत नाही. रिक्षातल्या त्या दुपारनंतर मला पहिली धास्ती लागली ती या खुर्चीची.

समोसे सोडले. मग दूध सोडलं, मग कोशिंबीर, मग डाळ. एकेक पदार्थ ताटाबाहेर गेला, आणि कळ यायची ती येतच राहिली. मधे पंधरा-पंधरा दिवस बरे जायचे. मी विसरायला लागायचे. आणि मग भाजी घेताना, लिफ्टमध्ये, एकदा तर बिल्डिंगच्या जिन्यात, घराची किल्ली हातात असताना. पूर्वसूचना म्हणजे अर्धा मिनिट, फार तर एक. शेवटी मी कोर्टाच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत काही खायचंच बंद केलं. वजन उतरलं. कोर्टातल्या बाया म्हणायच्या, "झकास बारीक झालीस गं! काय करतेस सांग ना." मी हसायचे.

मुलुंडला पुतण्याचं लग्न होतं. विहारात खाली पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या आणि मी मुद्दाम दाराशी बसले. त्रिशरण, पंचशील सुरू झालं, सगळे हात जोडून एका सुरात म्हणत होते, आणि मी उठले. जाऊबाईंनी मान वळवून बघितलं. परत आले तेव्हा फुलं टाकून झाली होती. "अगं, आशीर्वाद द्यायच्या वेळेलाच बरी उठलीस," त्या म्हणाल्या. फोन आला होता, असं मी सांगितलं. खोटं न बोलण्याचं शील घेतल्याला दहा मिनिटंही झाली नव्हती.

असं करता करता पाचवं वर्ष लागलं. डिसेंबरात एका सकाळी मी संडासातून उठले आणि भांड्यात लाल दिसलं. थेंब नव्हे. पाण्यात पसरलेलं, ताजं. मी बघत राहिले. फ्लश केला. पाणी स्वच्छ झालं, आणि मला कळलं की ते परत आलंय.

कोणी सांगायची गरज नव्हती. मला तसं कळलं, एवढंच.

मुलगी बाहेर खोलीत मोठ्याने केमिस्ट्री पाठ करत होती. तिची बारावी होती. ती झाली की सांगू, असं मी ठरवलं. बारावी झाली. अॅडमिशन झाली की सांगू. अॅडमिशनसाठी पवईकडच्या एका कॉलेजात जायचं होतं. "मम्मी, तू येतेस ना?" तिने विचारलं. तिथे रांगेत किती वेळ लागेल, जवळ संडास कुठे असेल, काही माहीत नव्हतं. "तू पप्पांबरोबर जा," म्हटलं. तिने माझ्या ताटाकडे बघितलं, त्यात अर्धी पोळी होती.

रोज सकाळी मी वाकून बघायचे. चार दिवस काही नसायचं, पाचव्या दिवशी असायचं. स्वयंपाक करताना, टाइप करताना, कुणाशी हसून बोलताना आत कुणीतरी दबा धरून बसलंय असं वाटायचं. खरेदीला गेले तर स्वतःसाठी काही घ्यायचे नाही. कशाला, असं वाटायचं.

आणि त्याच काळात मी एकदा हॉस्पिटलात तपासणीलाही जाऊन आले. डॉक्टर तरुण होता, मागे रांग मोठी. त्याने तपासलं. "सगळं छान आहे. खालून ब्लीडिंग वगैरे?"

"नाही."

त्याला विचारायचं होतं ते अंगावरून जाण्याबद्दल, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिथून जात नव्हतंच. साक्षीदाराला वकील बजावून ठेवतात ना, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. तसं दिलं. "वजन कमी झालंय," तो म्हणाला. "डाएट करतेय," मी म्हणाले. त्याने लिहून घेतलं. बाहेर आले तेव्हा मला हुशारी केल्यासारखं वाटत होतं. आज त्याची लाज वाटते.

हे सगळं उघड झालं ते कोर्टात, सप्टेंबरच्या एका दुपारी. एका म्हाताऱ्या गृहस्थांची उलटतपासणी चालू होती, खोलीच्या ताब्याचा दावा होता. वकील त्यांना तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होते आणि ते "आठवत नाही" म्हणत होते. सकाळपासून मी फक्त पाणी प्यायले होते. तरी कळ आली. मी पाय आवळून घेतले. मॅडम सांगत होत्या, माझी बोटं चालत होती. उठून "एक मिनिट" म्हणायला काय झालं असतं? पण तेही सुचलं नाही. ओल जाणवली. मग वास आला. मी टाइप करत राहिले, पूर्णविरामासकट.

मॅडमनी माझ्याकडे एकदाच बघितलं. "पंधरा मिनिटं थांबू या," म्हणाल्या आणि उठून चेंबरमध्ये गेल्या. उलटतपासणी अर्धी टाकून त्या कधी उठत नाहीत. वकील चकित होऊन एकमेकांकडे बघायला लागले.

कोर्टातली क्लार्क माझ्याच वयाची, मालवणकडची. वीस वर्षं आम्ही शेजारी डबा खातो. ती आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काय झालां गो?" मी मान हलवली. तिला समजलं. स्वतःची शाल माझ्या कमरेभोवती गुंडाळून म्हणाली, "तू फुडे चल. मी मागसून येतंय."

बाथरूममध्ये तिने माझे कपडे बघितले आणि तिचा चेहरा बदलला. "ह्यां रगात कधीपासून?"

"नऊ महिने."

"घोवाक सांगलंस?"

नवऱ्याला नव्हतं सांगितलं. तिने नळ सोडला, शाल धुवायला घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज सांग. नायतर मी फोन करतंय."

नवरा अंधेरीला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. साडेसहाला घरी येतो. मुलगी क्लासला गेली होती. मी चहा दिला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "मला संडासातून रक्त जातंय."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो, कसं काय?"

"भांड्याच्या कडेला लागलेलं होतं. दोनदा. मी पुसून टाकलं."

"मग विचारलं का नाहीत?"

त्याने कप खाली ठेवला. "तू म्हणाली असतीस, परत आलंय. मग?"

आमची खोली दहा बाय बाराची. संडास एकच. तेवढ्या जागेत नऊ महिने आम्ही दोघं तेच एक मरण धरून बसलो होतो, आणि एकमेकांना साखर कमी पडली का विचारत होतो.

त्याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर बाई होत्या, शांत. मागून कॅमेरा घालून आतडी बघायची, असं त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचं होतं, भांडंभर. जे इतकी वर्षं टाळत होते तेच मुद्दाम घडवून आणायचं. मुलगी दाराबाहेर स्टूल टाकून बसली होती. दर थोड्या वेळाने विचारायची, "मम्मी, आहेस ना?"

तपासणीनंतर डॉक्टरांनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने टेबलाची कड धरली. मी विचारलं, "मग रक्त?"

"शेक दिले तेव्हा गाठीबरोबर आजूबाजूचं आतडंही थोडं भाजलं गेलं. ते टाळता येत नाही. तिथल्या रक्तवाहिन्या आता नाजूक झाल्यात, म्हणून रक्त. आतडं कडक झालंय, साठवून ठेवू शकत नाही, म्हणून घाई."

"पण शेक संपून पाच वर्षं झाली."

"शेक संपतो. त्याचा परिणाम आत हळूहळू होत राहतो. कुणाला काही महिन्यांत दिसतो, कुणाला काही वर्षांनी."

"मला कोणी सांगितलं कसं नाही?"

त्यांनी माझी जुनी फाइल उघडून एक कागद पुढे केला. उपचाराआधीचं संमतिपत्र. त्यात एक ओळ होती, पुढे कधीतरी आतड्याला त्रास होऊ शकतो अशा अर्थाची. खाली सही माझीच. जन्मभर असल्या ओळी टाइप करत आलेली बाई मी. त्या कोणी वाचत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. "बहुतेक बायका सांगत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "लाजतात, नाहीतर घाबरतात. सांगितलं असतंत तर इतकी वर्षं उपाशी राहावं लागलं नसतं."

मग आणखी एक गोष्ट सांगितली. माझ्या पोटाचा स्कॅनही त्यांनी करून घेतला होता. लहान आतड्याचा एक भाग अरुंद होत चालला होता, तोही शेकाने. "पोट फुगलं, काहीच पुढे सरकेनासं झालं, उलट्या सुरू झाल्या तर घरी थांबायचं नाही. लगेच यायचं."

"हे बरं होईल ना?" नवऱ्याने विचारलं.

"आटोक्यात ठेवू," त्या म्हणाल्या.

आतून त्या रक्तवाहिन्या जाळून बंद केल्या, तीन वेळा जावं लागलं. रक्त जवळजवळ थांबलं. एक पावडर दिली ती पाण्यातून घेते, तिने घाई कमी झाली. आवळून धरायचे व्यायाम शिकवले. मी मॅडमना चेंबरमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी माझं टेबल दाराशी हललेलं होतं. उठायचं असलं की मी नुसता हात वर करते आणि काम थांबतं. पुन्हा दुपारी डबा खाते, मऊ भात का होईना.

पण मागच्या मार्चमध्ये एक दिवस पोट गप्प झालं. सकाळपासून एकदाही जावं लागलं नाही, आणि इतक्या वर्षांनी असा दिवस मिळाला म्हणून मी खूश होते. दुपारी पोट ढोलासारखं ताठ झालं. संध्याकाळी हिरवी उलटी झाली. हॉस्पिटलात नाकातून नळी घालून तीन दिवस ठेवलं, तोंडात पाण्याचा थेंब नाही. चौथ्या दिवशी आपोआप सुटलं. डॉक्टर म्हणाल्या, असं पुन्हा पुन्हा झालं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि शेकलेलं आतडं कापून जोडलं की ते लवकर भरून येत नाही. एवढं सांगून त्या थांबल्या. नवऱ्यानेही पुढचं विचारलं नाही.

तेव्हापासून मला घाईची भीती वाटत नाही, शांततेची वाटते. नवरा रोज दुपारी एकला ऑफिसातून फोन करतो. कोर्टाची जेवणाची सुट्टी तेव्हाच सुरू होते. "झालं का?" एवढंच विचारतो. "झालं," मी म्हणते आणि फोन ठेवतो आम्ही.

गेल्या मंगळवारी त्याचा फोन आला तेव्हा झालं नव्हतं. आदल्या दुपारपासून नव्हतं. पोटावर हात ठेवून बघितला, थोडं ताठ लागलं. क्षणभर "झालं" जिभेवर आलं होतं. त्याच्याकडे त्या दिवशी मोठं काम होतं, सकाळीच बोलला होता.

"अजून नाही," मी म्हणाले.

पलीकडे लिफ्टच्या मोटरचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"निघतो," तो म्हणाला. "तू पण घरी ये. काही खाऊ नकोस."

मी रिक्षाने घरी आले. तो आधीच पोचला होता. फाइल, माझा गाऊन, टॉवेल, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत भरून त्याने खुर्चीवर ठेवलं होतं. आम्ही पलंगावर शेजारी बसून राहिलो. टीव्ही लावला नाही. त्याने दोनदा घड्याळ बघितलं आणि दोनदा माझ्याकडे. चार वाजून गेल्यावर आत काहीतरी हललं, आणि थोड्या वेळाने मी उठून गेले. बाहेर आले तर तो दाराशीच उभा होता.

"झालं," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. चहा टाकायला गेला. पिशवी रिकामी करायला मी हात घातला तर आतूनच म्हणाला, "राहू दे गं ती, भरलेलीच राहू दे."