काचवाल्या बाई

त्यांच्याविषयी मी लिहावं, एवढा मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि त्या तर डोंगर-दरडींचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञ. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं.

मावळातल्या आमच्या वाडीत त्यांना सगळे काचवाल्या बाई म्हणत. भेग दिसली की, मग ती कातळाची असो की आमच्या भिंतीची, त्या तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवत. डोंगर सरकला तर काच तडकणार. पाऊस, मातीतला ओलावा, सगळं त्या मोजत. पण काचेजवळ आल्या की आवाज हलका करत, झोपलेल्या माणसाशेजारी करावा तसा.

माझे आजोबा, आबा, त्यांची थट्टा करत. "बाई, ह्यो डोंगर तुमच्या आदीपासनं हाय हितं."

"आहेच की आबा. जागेवर आहे का, तेवढंच बघते."

आबांना वाडी सोडायची नव्हती. त्यातून लोणावळ्याचा एक हॉटेलवाला आमच्या वरच्या अंगाला डोंगर कापून रस्ता करणार होता. वाडीतल्या पोरांना त्याने काम कबूल केलं होतं. रस्ता व्हायचा की नाही आणि वाडी उठायची की नाही, दोन्ही बाईंच्या अहवालावर ठरणार होतं.

दसऱ्याआधी आईने नेहमीसारखी भिंत सारवली, काचेसकट. बाई आल्या तेव्हा आईच्या ते ध्यानात आलं. बाईंनी ओल्या फडक्याने सारवण हळूहळू पुसलं. खाली काच तडकलेली.

"माज्या हातानं फुटली वो!" आई रडवेली झाली.

"नाही वहिनी. वर कातळावरच्याही फुटल्यात. तिथं कुठं सारवायला गेलात?"

आई हसली. बाई मात्र हसल्या नाहीत.

पुढे शाळेत बैठक झाली. तहसीलदारांसमोर हॉटेलवाला म्हणाला, "दरड येणार म्हणता, मग कधी ते सांगा की!"

"कधी, ते मला सांगता येत नाही. कुठून, ते सांगते," असं म्हणून बाईंनी खिडकीतून आमच्या घरामागच्या उताराकडे बोट दाखवलं.

त्या अहवालावर सरकारने रस्त्याची परवानगी नाकारली. हॉटेलवाल्याने मशिनं परत नेली. आम्हाला खाली सडकेजवळ जागा मिळाली. बोटभर काचेवरून एवढं सगळं ठरू शकतं, याने मी आजही थक्क होतो. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं ते त्यामुळेच.

आबा सगळ्यांत शेवटी उतरले. बाईंची हिमालयाकडे बदली झाली, त्या निरोप घ्यायला आल्या, तेव्हा आबा पाठ फिरवून बसले.

या श्रावणात मी पुण्याला होतो. आबांचा फोन आला. ते स्वतःहून कधी करत नाहीत.

"डोंगर आला रं. जुन्या घरावर. न्हाई, तितं कुणी न्हवतं." मग म्हणाले, "बाईस्नी कळीव. म्हणावं, तुमी दावल्याली त्याच बाजूनं आला."