दुधाच्या दुपारी

माझी लेक चिमी बाळंत झाली म्हणून अळिवाची खीर करायला घेतली. खिरीच्या वासासरशी मी टोकियोतल्या फुनाबोरीच्या त्या खोलीत जाऊन बसले. आयटीच्या कंत्राटावर आलेल्यांच्या आम्ही बायका दुपारी तिथे बाळांना पाजायला जमायचो, कारण कुणाच्याच आईला तिकीट परवडत नव्हतं. मी पहिलटकरीण. तोरा भरपूर, दूध बेताचं.

चिमीला छातीशी कसं धरायचं ते सुरेखाने शिकवलं. घरखर्च भागेना म्हणून तिने जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात काम धरलं होतं आणि तान्ह्या मुलाला सांगलीला आईकडे पाठवलं होतं. तरी ती यायची. एका दुपारी चिमी भुकेने रडली आणि सुरेखाचा कुर्ता पुढून भिजला.

"पोरगं लांब गेलंय, हे अंगाला अजून कळलं नाही वहिनी," ती हसून म्हणाली.

मी अतिशहाणी. चिमीला तिच्या मांडीवर ठेवून म्हटलं, "मग पाज की हिला."

तिने चिमीच्या जावळाचा वास घेतला आणि तिला परत दिलं. "नको. सवय लागेल."

"अगं, एवढ्यात हिला कसली सवय लागतेय?"

"मला," ती म्हणाली.

मग ती न्हाणीघरात गेली. नळ सोडून बराच वेळ दूध पिळून टाकत राहिली. आणि मी खुळी बाहेर रुसून बसले होते, माझ्या लेकीला नको म्हणाली म्हणून.