पाठकोऱ्या कागदाचा पुरावा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मला पकडल्याचा आनंद नको: तो कागद मीच छापून आणला होता. मीच वाटला होता, संध्याकाळी सातला पाळी सुटते तेव्हा, कारखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून. कर खात्यानं आमच्याशी दुजाभाव केला यावर मी आजही ठाम आहे, त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण कागद माझा.

आमची संघटना सुरतेतल्या नवागामच्या लूम कामगारांची. कारखान्यात प्यायचं पाणी द्या, पंखे लावा, कानात घालायला बोळे द्या, बायकांसाठी संडास बांधा, अशी पत्रकं काढणं हे आमचं आठवडाभराचं काम. रविवारचं काम म्हणजे दवाखाना. एक खोली, मधे जुन्या साडीचा पडदा, दोन बाकडी. कामरेजहून एक डॉक्टरबाई स्कूटरवर येतात, दुपारपर्यंत बसतात आणि कुणाकडून काही घेत नाहीत. औषधं देणगीतून येतात, आणि देणारे लोक आमच्याकडे एकच गोष्ट मागतात: धर्मादाय संस्था म्हणून कर खात्याकडे असलेली नोंदणी. ती दर काही वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते. नोंदणी गेली की औषधं गेली, औषधं गेली की रविवार गेला. इतकं सरळ आहे ते.

आमच्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून, आणखी एक ट्रस्ट आहे. मोठा. त्याच्या वर्धापनदिनाला सत्तेतल्या पक्षाचे पुढारी पहिल्या रांगेत बसतात आणि निवडणूक आली की त्याच्याच टेम्पोवर भोंगे चढतात. त्यांचीही नोंदणी आमच्याबरोबरच संपत होती. त्यांना कुणी काही विचारलं नाही, नवी नोंदणी झाली, आणि शेजारधर्म म्हणून त्यांनी आम्हाला पेढे पाठवले. पेढे चांगले होते. मी दोन खाल्ले आणि चिडले.

कारण त्याच आठवड्यात आम्हाला नोटीस आली होती. तुमचं काम धर्मादाय नसून राजकीय दिसतं, तेव्हा नोंदणी का नाकारू नये ते सांगा. सोबत पुरावा म्हणून एका कागदाची झेरॉक्स. ती इतकी काळी की माणसाचा चेहरा होता तिथं नुसता डांबराचा डाग. खाली गुजरातीत एकच ओळ वाचता येत होती: '...ने ज मत आपो'. म्हणजे, यालाच मत द्या. आणि कुणा तक्रारदाराची टीप, की हा कागद अमुक संध्याकाळी आमच्या संघटनेनं नवागामात वाटला.

आमचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते धुळ्याकडचे. आयुष्य लूमवर गेलं. त्यांच्याशी बोलताना शेजारी दीडशे लूम चालू आहेत असं समजून बोलावं लागतं, आणि तेही तसंच बोलतात. नाकाला झेरॉक्स टेकवून ते ओरडले, "हाऊ कोन शे?"

"मला काय माहीत आबा! बनावट आहे हे! आपण असलं काही वाटलेलंच नाही!"

"बनावट शे तर लिखी टाक मंग. चांगलं कडक लिख."

कडक लिहायला मला कुणी सांगावं लागत नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. कॉलेजात पहिला निबंध लिहिला तेव्हा सरांनी शेजारी लिहिलं होतं, 'मागण्या कळल्या, विषय कळला नाही.' रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मी चार पानं लिहिली आणि पर्वत पाटिया भागातल्या आमच्या घरी बाबांच्या पुढ्यात ठेवली. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी लाल पेन घेतलं.

"हे उत्तर आहे की मोर्चा?"

"मोर्चाच आहे."

"मग खाली 'आपली विश्वासू' कशाला लिहिलंस? जिंदाबाद लिही."

त्यांनी अकरा उद्गारचिन्हं उडवली. 'खात्याचे डोळे विकले गेले आहेत काय' हे वाक्य उडवलं. 'निर्लज्ज बनावटगिरी' हे दोन शब्द मात्र मी काढू दिले नाहीत, अगदी पेनच हातातून ओढून घेतलं. उत्तर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरच्या गाडीवर भरपूर तेल-शेव घालून लोचो खाल्ला, आणि मला वाटलं, झालं, जिंकलो.

चार दिवसांनी मावशींच्या सहीसाठी त्यांच्या घरी गेले. मावशी आमच्या चिटणीस. दिवसभर घरात बसून साड्यांवर खडे चिकटवतात. फरशीवर कागद अंथरलेले, त्यावर साडीचा काठ, हातात डिंकाची नळी. मी बसले आणि खाली पाहिलं, तर काठाखालून एक माणूस हात जोडून माझ्याकडे बघून हसत होता. गळ्यात पक्षाचा खेस, कपाळाला टिळा, गालावर वाळलेला डिंक. आणि खाली: '...ने ज मत आपो'.

"मावशी! हा कागद कुठून आणलात?"

"कुठून म्हंजे? तूच तर गठ्ठा दिला, उरलेला. डिंक सांडू नये म्हनून." त्यांनी कागद उलटा केला. दुसऱ्या बाजूला माझं पत्रक. पाणी, पंखे, कानाचे बोळे. माझी उद्गारचिन्हं. "पाह्य. एके बाजूनं तू, एके बाजूनं हा."

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या संघटनेत कोरा कागद कुणी वापरत नाही. सभांच्या नोंदी, रुग्णांच्या याद्या, पत्रकं, सगळं पाठकोऱ्या कागदांवर. तो आमचा अभिमान आहे. पर्वत पाटियाच्या छापखान्यात निवडणुकीच्या पत्रकांचे गठ्ठे पडले होते, वॉर्डाचा आकडा चुकला म्हणून रद्द झालेले. काठियावाडी मालक म्हणाले, "लई जाओ बेन, एक बाजू तो एकदम चोखी छे." मी एक बाजू बघितली, खरंच स्वच्छ कोरी होती. गठ्ठे रिक्षात घातले. छापले, वाटले, वाटताना फोटो काढले, आणि आमच्यापैकी एकानंही कागद उलटून बघितला नाही. बघणार कसे? वर्षानुवर्षांच्या सवयीनं आमच्या लेखी पाठकोऱ्या कागदाला मागची बाजू नसतेच. तिथं कुणाचं लग्न असतं, कुणाचं वीजबिल असतं, ते कोण वाचतं!

मावशींनी डिंकाची नळी खाली ठेवली, चेहरा जवळ धरला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर पेढेवाल्यांचा!"

होता. पहिल्या रांगेत बसणारा तोच. म्हणजे आम्ही राजकारण करतो असा आरोप होता, आणि पुराव्यानुसार आम्ही ते सत्तेतल्या माणसासाठी करत होतो. मला हसू फुटलं. मावशींनाही फुटलं. आम्ही दोघी साडीवर कोसळलो, चार खडे माझ्या कुर्त्याला चिकटले. मग मला ते दोन शब्द आठवले, निर्लज्ज बनावटगिरी, आणि हसू जागच्या जागी थांबलं.

संध्याकाळी खोलीवर बसलो. खरं सांगते, माझी पहिली बुद्धी चुकीची होती. मी म्हटलं, "आपण गप्प बसू. झेरॉक्समध्ये काहीच दिसत नाही. त्यांना सिद्ध करता येणार नाही. उलट कबूल केलं तर म्हणतील, बघा, वाटला होता ना?" दवाखाना जाण्याच्या भीतीनं मी हे बोलत होते, पण बोलत होते.

आबांनी मान हलवली. "पोरी, मालकले आपन काय सांगतस? कागद दखाड! हजेरीना कागद दखाड, पगारना कागद दखाड! आते आपलाच कागद दपाडतस का?"

मालकाला कागद दाखव म्हणणाऱ्यांनी आपलाच लपवायचा का, हे शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. मग गप्प राहायची सोयच उरली नाही.

कर खात्याच्या ऑफिसात आम्ही चौघं गेलो. मी, आबा, मावशी आणि बाबा. बाबा म्हणाले, मी फक्त फाईल धरायला येतो. अधिकारी पन्नाशीचे, गुजराती, सभ्य. मी त्यांना राक्षस ठरवून गेले होते, आणि ते उठून मावशींना खुर्ची देत होते. आबांनी "साहेब, नमस्कार!" म्हटलं तसा बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला, मारामारी झाली की काय ते बघायला.

मी म्हटलं, "साहेब, दोन गोष्टी. पहिली, माझी चूक. मी बनावट म्हटलं. बनावट नाही, कागद आमचाच आहे. ते शब्द मी लेखी मागे घेते." बाबांनी फाईलमधून अर्ज काढून पुढे केला. त्याची सुरुवात 'सविनय' अशी होती. बाबांचा चेहरा इतका सुखी मी माझ्या पदवीदानालाही पाहिला नव्हता.

मग मावशींनी पिशवीतून तो डिंकाळलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला, चेहरा वर करून.

साहेबांनी पाहिलं. त्यांनी ओळखलं, हे मी ओळखलं. "बेन, आ तो..." एवढं म्हणून त्यांनी पुढचं नाव गिळलं. कागद उलटा केला. परत सुलटा केला. परत उलटा. मी म्हटलं, "हा प्रचार असेल तर साहेब, आम्ही कुणाचा प्रचार केला ते फाईलमध्ये नावानिशी लिहा. आम्ही खाली सही करतो."

बाबांना जोराचा खोकला आला.

साहेब मात्र आमची बाजू वाचू लागले, हळूहळू, बोट ठेवून. पत्रक तीन भाषांत होतं, त्यातली गुजराती. पाणी. पंखो. कानना बोळा. संडास. मग चष्म्यावरून म्हणाले, "आमां राजकारण शुं छे?"

"यात राजकारण काय, तेच विचारायला आलोय आम्ही."

तेवढ्यात आबांना कोपऱ्यातला पाण्याचा कूलर दिसला. ते उठले, एक पेला प्यायले, दुसरा प्यायले, तिसरा प्यायले. तोंड पुसलं. "थंड शे साहेब! बस हाईच मांगतस आम्ही!"

साहेब हसले. मनापासून. मला ते नको होतं, कारण दुसरी गोष्ट अजून बोलायची होती आणि हसणाऱ्या माणसावर चिडायला जड जातं. तरी बोलले. "आमच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या ट्रस्टच्या टेम्पोवर भोंगे चढतात. त्यांना असंच विचारलंत का?"

हसू गेलं. "एमना विरुद्ध फरियाद नथी आवी, बेन."

"आमच्याविरुद्ध तक्रार आली, ती अर्ध्या कागदाची. कुणीतरी एकच बाजू झेरॉक्स केली आणि तुमच्याकडच्या कुणालाही वाटलं नाही की दुसरी मागवावी."

त्यांनी अर्ज आणि कागद दोन्ही फाईलला लावले, दोन्ही बाजूंच्या प्रती काढायला सांगितल्या, माझ्यासमोर. तक्रार कुणी केली ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. हेतू मला सिद्ध करता येणार नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते छापायचं नाही हे मी आता शिकलेय, कोणत्याही बाजूवर. पण एक रस्ता, दोन संस्था, एकाला विचारपूस नाही आणि एकाला नोटीस, एवढं मी सांगतेच. ज्याला जे वाटायचं ते वाटू दे.

पुढचे रविवार वाईट गेले; नोंदणी होईपर्यंत देणाऱ्यांनी औषधं थांबवली होती. डॉक्टरबाई औषधं पुरवून पुरवून द्यायच्या. दहा दिवसांची गोळी पाच दिवसांची करून हातात ठेवताना त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत. मावशींची स्वतःची बीपीची गोळी त्यातच होती. मी रोज सकाळी उठून आधी फोन बघायचे, मग तोंड धुवायचे.

आणि निकाल आला, तोही रविवारीच. सकाळचे अकरा, बाकडी भरलेली, गल्लीत रांग. मी याद्या लिहीत होते आणि फोनवर मेल आला. इंग्रजीतलं लांबच लांब वाक्य, मी तीनदा वाचलं, कारण सरकारी वाक्यात 'नाही' कुठं दडलेलं असेल सांगता येत नाही. नव्हतं. नोंदणी मंजूर, पूर्ण मुदतीची.

"आबा! झाली!"

"काय?"

"नोंदणी झाली!"

"कोनी?"

"आपली!"

मग आबांनी ते गल्लीला सांगितलं. माझी गरजच संपली. पार टोकाच्या पानाच्या टपरीवाल्यानं तिथूनच हात वर केला. मावशींनी रांगेतला आपला नंबर सोडला, पदर खोचला आणि माझे दोन्ही हात धरले. "पाय जुळव!" मला फुगडी येत नाही असं मी ओरडत होते आणि गरगर फिरत होते. रांगेतल्या आणखी दोघी सुटल्या, मग आणखी दोघी. बाबा फाईल छातीशी धरून बाकड्यावर उभे होते, पायात येऊ नये म्हणून, आणि मोठ्यानं मोजत होते. आबा टाळ्या वाजवत होते, लूमच्या ठेक्यात, खटाखट, खटाखट.

पडदा बाजूला करून डॉक्टरबाई बाहेर आल्या. गळ्यात स्टेथोस्कोप, कपाळाला आठ्या, आणि आठ्यांच्या खाली हसू.

"शाब्बास! आता सगळ्यांचं बीपी वर लागणार. पंधरा मिनिटं कुणीही आत यायचं नाही. गप बसा सगळ्या!"

आम्ही बसलो. गप मात्र कुणाला बसता आलं नाही.