रसूलभाईंच्या नंबरावरची गल्ली

आमच्या गल्लीतल्या चाळीस माणसांच्या आधारकार्डाला एकच मोबाइल नंबर होता, आणि तो गादीवाल्या गुलाम रसूल यांचा. हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मी समता, जानेफळची अंगणवाडी सेविका. बुलढाण्याला सायबर सुरक्षेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे घसा कोरडा पडेपर्यंत बायकांना सांगत होते. बायका माना डोलवायच्या आणि बैठक संपली की सरळ रसूलभाईंच्या दुकानात ओटीपी विचारायला जायच्या.

झालं असं होतं, की बारा-तेरा वर्षांपूर्वी गावात आधारचं शिबिर लागलं. यंत्रावरचा माणूस प्रत्येकाला नंबर विचारत होता. गल्लीत कायम चालू असणारा फोन तेव्हा एकट्या रसूलभाईंकडे. लग्नसराईत गाद्यांच्या ऑर्डरी यायच्या, म्हणून ते तो बंदच ठेवत नसत. रांगेतल्या पहिल्या बाईने त्यांचा नंबर दिला, मागची म्हणाली, “माह्याबी तोच लिवा,” आणि शेवटच्या माणसापर्यंत तेच चाललं.

रसूलभाईंची पद्धत मात्र कडक. चाळीस जणांच्या आधारचे शेवटचे चार आकडे त्यांना तोंडपाठ, त्यावरून मेसेज कोणाचा ते कळायचं. मेसेज आला की हाताचा कापूस झटकायचा, दुकानातल्या बाकीच्यांना बाहेर काढायचं, बायकोला, म्हणजे सलीमाभाभींना, आतल्या घरात पाठवायचं, मग ज्याचा त्याला कानात आकडा सांगायचा आणि मेसेज पुसून टाकायचा. एकदा एका भामट्याचा फोन आला, “बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा.”

“कोनाचा?” रसूलभाईंनी विचारलं.

“तुमचा!”

“माह्या तर कधी येतच नाई. नाव सांगा, शेवटचे चार आकडे सांगा, अन् दुकानात या. मी फोनवर सांगत नसतो, कानात सांगतो. चहाबी पाजतो.”

भामट्याने फोन ठेवला. माझ्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात याहून जास्त काही नव्हतं, पण तेव्हा मी ते कबूल केलं नसतं.

अडलं ते सलीमाभाभींचं. त्यांना मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला जायचं होतं. दोनदा ठरलं आणि दोनदा रसूलभाईंनी पुढे ढकललं. एकदा लोकांच्या पीकविम्यासाठी, एकदा रेशनच्या केवायसीसाठी. या वेळी पुण्यातल्या फहीमने, त्यांच्या मुलाने, न विचारताच दोघांची तिकिटं काढली. तीन आठवड्यांनी निघायचं होतं, आणि नेमकं त्याच सुमारास बायकांच्या एका योजनेचं केवायसी निघालं. मक्केत रसूलभाईंचा हा नंबर चालणार नव्हता.

“मंग लोकायचं कसं?” रसूलभाई म्हणाले.

“अन् माह्यं कसं?” सलीमाभाभी म्हणाल्या.

मी पदर खोचला. मेहकरच्या आधार केंद्रात जाऊन सगळ्यांनी स्वतःचा नंबर टाकायचा, असं फर्मान काढलं आणि गाडी ठरवली. तीनच माणसं आली. त्यातलं एक बाजाराला निघालं होतं.

मी चिडून गल्लीतल्याच नारायणरावांना गाठलं. “काका, तुमच्या घरी तीन मोबाइल आहेत. मग अडतंय कुठे?”

त्यांनी मला गोठ्यामागे नेलं. “तीन हायेत, पन त्यातला माह्या एकबी नाई. एकावर नातू खेळते, एक सून पाहते. तिसऱ्यावरचे मेसेज पोरगा जेवताना मोठ्यानं वाचते.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “मी लग्नाच्या साइटवर नाव टाकलं. नंबर रसूलचा देल्ला.”

नारायणराव चौसष्ट वर्षांचे. काकू जाऊन आठ वर्षं झाली होती.

“रसूलभाईंनी कोणाला सांगितलं?”

“नाई.”

“हसले?”

“पहिल्या दिवशी थोडसे.”

मला माझीच लाज वाटली. मी ज्याला धोका म्हणत होते, ती गल्लीतली एकमेव जागा होती जिथे माणसाची गोष्ट त्याचीच राहत होती. घरच्या फोनवर ती सोय नव्हती.

संध्याकाळी सगळे रसूलभाईंच्या अंगणात जमले. फोन कोणाकडे ठेवायचा? एकेक नाव निघालं आणि एकेक पडलं. कोणाचं तोंड सैल, कोणाची बायको चौकस. शेवटी रुखमाबाई म्हणाली, “सलीमालेच ठेवू द्या नं. रसूलभाई एकटे जाऊन येतील.”

सलीमाभाभी हातातली चहाची किटली खाली ठेवून उभ्या राहिल्या.

“बारा वर्सं झाले, फोन वाजला की हा माणूस मले आत पाठवते. दोनदा भरलेली बॅग मी खाली केली. ह्याले तुमचं सगळ्यायचं माहीत, मले एका जनाचंबी नाई. अन् आता राखन मीच करू?” असं म्हणून त्या रडायला लागल्या. चहा कोणी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रशिक्षणाचं पत्रक बाजूला ठेवलं आणि फोनला लॉक कसं लावायचं तेवढंच शिकवलं. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी बटनांचे स्वस्तातले घेतले, नारायणरावांनीही स्वतःचा घेतला. घरोघर भांडणं पेटली. “लॉक काऊन लावला? काय लपवून राह्यली?” रुखमाबाईची सून दोन दिवस सासूशी बोलली नाही. नारायणरावांनी लॉकचा आकडा विसरू नये म्हणून कागदावर लिहून फोनच्या पाठीला चिकटवला. तरी गाड्या भरून मेहकरला जाऊ लागल्या आणि दोन आठवड्यांत चाळीसही नंबर बदलले.

“अजून एक हाये,” रसूलभाई माझ्याकडे न बघता म्हणाले.

तो माझा होता. मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या फॉर्मवर मी त्यांचाच नंबर दिला होता. इंग्रजीत दोनदा नापास झाल्याचे मेसेज आमच्या घरी कोणाच्या नजरेस पडायला नको होते. त्याच दिवशी मी तो बदलला आणि माझ्याही फोनला लॉक लावलं. नवऱ्याने विचारलं, “काऊन?” मी म्हटलं, “सरकारनं सांगितलंय.”

निघायच्या दिवशी सारी गल्ली फाट्यावर आली. मक्केला जाणाऱ्याजवळ आपापलं मागणं सांगायची आमच्याकडे रीत आहे, मग माणूस कोणत्याही जातीधर्माचा असो. रसूलभाईंनी सवयीने कान पुढे केला. पण रुखमाबाई त्यांना ओलांडून सलीमाभाभींपाशी गेली आणि त्यांच्या कानाला लागली. तिच्यामागे सगळ्यांनी तेच केलं. नारायणरावांना फारच वेळ लागला. मीही माझ्या इंग्रजीच्या पेपरचं सांगितलं. भाभी प्रत्येकाचा हात धरून ऐकत होत्या. रसूलभाई बाजूला बॅगा सांभाळत उभे होते.

गाडी सुरू झाली तसं त्यांना राहवलं नाही. “क्या क्या बोले सब?” त्यांनी हळूच विचारलं.

सलीमाभाभी आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत वऱ्हाडीत म्हणाल्या, “तुमाले काऊन सांगू?”